नाव खरवडलेली पेटी

नाशिकरोडहून विहितगाव मागे टाकून रिक्षा लॅमरोडला लागली आणि शहराचा गलका हळूहळू विरत गेला. पौषातली सकाळ होती. दोन्ही बाजूंना जुनी झाडं, त्यांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे, कौलारू बंगल्यांची लांबरुंद आवारं, मधूनच एखादं पारशी सॅनिटोरियम. रस्त्याच्या कडेचे दगडसुद्धा चुना लावून एका रांगेत बसवलेले. रिक्षावाला म्हणाला, "ताई, इथून कॅम्प सुरू झाला." त्याने सांगितलं नसतं तरी ते कळलं असतं. माणसं रस्ता ओलांडताना थांबत होती, दोन्हीकडे बघत होती आणि मगच पाऊल टाकत होती. नाशिकच्या शालिमार चौकात किंवा आमच्या साताऱ्याच्या राजपथावर हे दृश्य दिसत नाही.

देवळालीला मी एका लोखंडी पेटीच्या मागावर आले होते. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला एक काळी ट्रंक दिसली होती. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेलं. नंबर तेवढा शाबूत होता, नाव मात्र कुणीतरी खरवडून काढलं होतं. विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणाला, "देवळालीचा माल आहे." त्या खरवडलेल्या जागेने माझी झोप उडवली.

त्याचं कारण माझ्या माहेरात आहे. आमचा भाग फौजेचा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावाचे ४६ जवान कामी आले. आमच्याकडे लष्करी वस्तू विकत घ्यायची पद्धतच नाही, ती माणसाबरोबर घरी येते. काका सुट्टीवर आले की आधी ट्रंक उतरायची आणि मग काका. ते निवृत्त झाल्यावर त्यांचं करडं ब्लँकेट आजोबांच्या अंगावर गेलं, पाण्याची बाटली शेतावर गेली आणि जुने शर्ट-पँट आजीच्या हाती आले. आजी आधी बटणं कापायची, मग बाहीवरच्या फिती उसवायची. दोन्ही एका डबीत घालून देवघरात ठेवायची. त्यानंतरच कापडाला कात्री लागायची आणि त्याची गोधडी व्हायची. त्या हिरवट ठिगळांच्या गोधडीत आम्ही सगळी भावंडं वाढलो. म्हणून ज्या पेटीवर सैनिकाचं नाव आहे ती बाजारात यावी, आणि कुणीतरी ते नाव खरवडावं, हे मला सहन होत नव्हतं.

हौसन रोडला उतरले. कॅम्पाची ही मुख्य बाजारपेठ. एका गाडीवर दालपकवान मिळत होतं. कुरकुरीत पकवान, वर हरभऱ्याच्या डाळीचा घट्ट गोळा, चिंचेची चटणी आणि कांदा. साताऱ्यात सकाळी असा सिंधी नाश्ता कुठे मिळणार? गाडीवाल्याने पैसे घेताना "बसा ना, घाई काय आहे" असं स्वच्छ मराठीत म्हटलं. ही डाळ इथवर कशी आली, हाही माझ्या विषयाचाच भाग होता, पण ते मला तासाभराने कळलं.

शिलाईच्या दुकानांतून यंत्रांचा आवाज येत होता. कुठे नावाच्या पट्ट्या भरतकामात निघत होत्या, कुठे बुटांना पॉलिश होत होतं. एका जुन्या दुकानासमोर थांबले. दारात पिठ्ठू, जेरीकॅन, जंगल बूट, मच्छरदाण्या, ग्राउंडशीट आणि लोकरी आवरणाच्या पाण्याच्या बाटल्या टांगलेल्या. आत डांबराच्या गोळ्यांचा वास. गल्ल्यावर सत्तरीचे सिंधी गृहस्थ बसले होते. मी एका जर्सीला हात लावला तसे ते म्हणाले, "ताई, खरं सांगू का? हे डिस्पोजल नाही, लुधियानाचा माल आहे. दिसायला मिलिटरी, शिवलेला बाजारासाठी. खरं डिस्पोजल पाहिजे तर माळ्यावर बघा."

'डिस्पोजल' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मजा वाटली. कॅम्पात तो मराठी शब्दासारखाच वापरतात. डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचं ब्लँकेट. त्याचा जोडीदार 'कंडम'. लष्करात एखादी वस्तू वापराबाहेर गेली की अधिकाऱ्यांचं मंडळ ती तपासतं आणि दुरुस्तीचा खर्च परवडणारा नाही असा शेरा मारतं. मग वस्तू कंडम होते, तिचा लॉट पडतो आणि लॉटचा लिलाव होतो. पूर्वी आवारात उभं राहून बोली लागायची. आता बहुतेक बोली १९६४ साली स्थापन झालेल्या 'एमएसटीसी' या सरकारी कंपनीमार्फत संगणकावर लागते. दुकानदार काका म्हणाले, "पूर्वी माल डोळ्यांनी बघायचो, हातांनी ठोकून बघायचो. आता फोटो बघून पैसे भरायचे."

या धंद्याची आपल्याकडची सर्वांत मोठी लाट आली दुसऱ्या महायुद्धानंतर. ब्रह्मदेशाची आघाडी आणि चीनकडे जाणारी हवाई वाट यांच्यासाठी अमेरिकेने भारतात प्रचंड सामग्री आणली होती. युद्ध संपलं, सैनिक बोटीने परत गेले आणि सामग्री इथेच राहिली. ती परत नेण्याचा खर्च तिच्या किमतीला भारी पडणारा होता. विमानांची विल्हेवाट 'टाटा एअरक्राफ्ट'कडे आली. १९४६ साली कलकत्त्याच्या एका गिरणीने दहा लाख रुपयांना विमानांचं भंगार ठरवलं, अडीच लाख बयाणा भरला आणि उरलेले पैसे भरले नाहीत. बयाणा जप्त झाला, तंटा कोर्टात गेला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती जप्ती योग्य ठरवली. आज कायद्याचे विद्यार्थी बयाण्याचा अर्थ शिकतात तो या विमानांच्या भंगारावरून.

पण सगळंच भंगारात गेलं नाही. नाशिकजवळ ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला तो हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा. तिच्याच आधीच्या रूपातल्या, 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट'च्या, बंगळूरच्या कारागिरांनी त्याआधी, १९४८च्या सुमारास, एक अवघड काम करून दाखवलं होतं. कानपूरला लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमानं पडून होती. ती पुन्हा उडू नयेत म्हणून ब्रिटिशांनी जाता जाता त्यांची यंत्रं फोडली होती, इंजिनांत वाळू घातली होती. आपल्या लोकांनी एकाचा भाग दुसऱ्याला जोडत ती बंगळूरला उडवत नेली आणि नीट दुरुस्त केली. ती विमानं हवाई दलात १९६८पर्यंत चालली. युद्धात माल वाहणारी डकोटा विमानं तर नागरी कंपन्यांनी भराभर घेतली. १९४९पासून चार महानगरांची टपाल विमानं रात्री नागपूरला जमायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतायची. सैनिक आणि दारूगोळा वाहण्यासाठी बनलेल्या विमानांच्या पोटात लोकांची खुशालीची पत्रं होती. टाकाऊ युद्धसामग्रीचं याहून चांगलं भाग्य मला सुचत नाही.

काकांना मी विचारलं, "तुम्ही या धंद्यात कसे आलात?" त्यांनी चहा मागवला. "वडील कराचीहून आले. इथल्या बरॅकीत जागा मिळाली. एका बरॅकीत पाच-सहा कुटुंबं, मध्ये पोत्यांचे पडदे. अंगावर पांघरायला मिळालं ते मिलिटरी ब्लँकेट. वडिलांनी पहिलं विकलं तेही तेच."

गाडीवरच्या डाळीचा उगम मला इथे सापडला. देवळालीची ही छावणी १८६१पासूनची. मायदेशी जाणारे ब्रिटिश सैनिक इथे महिनोन्महिने बोटीची वाट बघत बसायचे. त्या रिकाम्या, तापाच्या दिवसांत डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत देवळालीच्याच नावावरून 'डूलाली' म्हणू लागले. स्वातंत्र्यानंतर फाळणीने घर सुटलेले लोक अशा छावण्यांत आले. कल्याणच्या लष्करी छावणीत तर लाखाच्या आसपास सिंधी निर्वासित राहिले आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. युद्धासाठी घाईने बांधलेल्या त्या बरॅकी युद्ध संपल्यावर लष्कराला नकोशा झाल्या होत्या. ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांना त्यांनी छप्पर दिलं. लष्करी शिलकीचा व्यवहार म्हटलं की आपल्याला बूट आणि जीप आठवतात. महाराष्ट्रात तो अख्ख्या गावाच्या रूपाने झाला आहे.

हा व्यवहार जगभरचा आहे. अमेरिकेत १८६५ साली यादवी युद्ध संपलं तेव्हा घरी जाणाऱ्या सैनिकाला थोडे डॉलर भरून आपली बंदूक बरोबर नेता येत असे. पश्चिमेकडच्या माळरानावर गुरं हाकणारे लोक सैन्याचे निळे डगले घालून, सैन्याच्या जुन्या खोगिरावर बसून फिरत. त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये बॅनरमन नावाच्या माणसाने हा माल घेण्याचा धंदा थाटला. पुढे त्याच्याकडे इतकी काडतुसं साठली की शहरात ठेवणं धोक्याचं झालं आणि त्याने १९०० साली हडसन नदीतलं एक बेटच विकत घेतलं. तिथलं दारूचं कोठार १९२० साली उडालं. तिकडे डगल्याबरोबर बंदूकही घराघरात गेली. देवळालीच्या या दुकानात बंदुकीचा पट्टा मिळतो, बंदूक मिळत नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

माळ्यावर मुलाने शिडी लावली. वरून एक करडं ब्लँकेट आलं. खरखरीत, जड, कडेला पुसट शिक्का. हात लावताक्षणी आजोबा आठवले. त्यामागून पेट्या आल्या. तीन होत्या, तिन्हींवरची नावं खरवडलेली. मी अखेर विचारलं, "काका, नाव कोण खरवडतं?"

"मीच," ते शांतपणे म्हणाले. "रिटायर होणारा जवान जाताना पेटी विकून जातो. गावी न्यायला त्याच्याकडे नवी असते, बायकोने घेतलेली असते. तो पैसे मोजतो आणि पेटीकडे बघत उभा राहतो. मी म्हणतो, साहेब, तुमचं नाव दुसऱ्याच्या घरी जाणार नाही. त्याच्यासमोर पत्र्याने नाव काढतो, मग तो जातो. माझे वडीलही असंच करायचे."

मी काही बोलले नाही. वर्षभर ज्याला मी अपमान समजत होते तो निरोप होता. आजी बटणं कापत होती आणि हे दुकानदार नाव काढत होते. दोघांचं काम एकच होतं. वस्तू सैनिकाची होती, ती आता घराची झाली, हे हाताने करून दाखवायचं.

त्याच वेळी एक तरुण आत आला. त्याला नव्या पद्धतीचा, बारीक चौकड्यांच्या नक्षीचा लष्करी गणवेश हवा होता, ओळखीच्या लग्नात नाचासाठी. काकांनी मान हलवली. "तो नाही मिळणार, बेटा." तो म्हणाला, "दुप्पट देतो." काका म्हणाले, "दसपट दिलेस तरी नाही." तो निघून गेला. हा गणवेश लष्कराने १५ जानेवारी २०२२ला, सेनादिनाच्या संचलनात पहिल्यांदा दाखवला. त्याच वर्षी त्याच्या नक्षीचे हक्क स्वतःच्या नावावर नोंदवले आणि खुल्या बाजारात तो शिवायला-विकायला मनाई केली. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी गणवेश घालणं हा तर फार पूर्वीपासून गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेचं १४० वं कलम त्यासाठीच होतं आणि नव्या न्यायसंहितेतही ती तरतूद आहे. गिऱ्हाईक परत पाठवताना काकांच्या चेहऱ्यावर कायद्याची भीती दिसली नाही. दुकानाची रीत मोडायची नाही, एवढंच दिसलं.

दुपारी भगूरला गेले. कॅम्पाला खेटून असलेलं हे गाव सावरकरांचं जन्मगाव. अरुंद गल्ल्या, लाकडी खांबांचे वाडे, पुढे दारणेच्या पाण्यावरची हिरवी शेतं. ओळखीतल्या एका द्राक्ष बागायतदाराने जेवायला बोलावलं होतं. बाजरीची भाकरी आणि उडदाची आमटी. आमच्याकडे उडदाचं घुटं हिरव्या मिरचीवर होतं, रंगाला फिकं. इथली आमटी काळ्या मसाल्याची, पहिल्याच घासाला कपाळावर घाम आणणारी. वहिनींनी भाकरी चुरायला लावली आणि वरून कच्चं तेल घातलं. "आमच्यात असंच खातात," त्या म्हणाल्या. त्यांच्या आग्रहाला नाही म्हणायची सोय नव्हती.

अंगणात जीप उभी होती. दादांनी ती तिसऱ्या हाताने घेतलेली. मूळची लष्कराची, लिलावात सुटलेली, पेट्रोलचं इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलेलं. मागच्या बाकड्यांच्या जागी आता द्राक्षांचे क्रेट बसतात. जीप हे वाहनच युद्धाचं अपत्य. महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांवर जीपा बनवल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रने त्या भारतात जुळवायला घेतल्या, आणि आज त्याच घराण्याच्या गाड्या इथून जवळच सातपूरला तयार होतात. दादांना हा इतिहास सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मला एवढंच माहीत, पावसाळ्यात मळ्यातून वर येणारी हीच एक गाडी." त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. जबलपूरच्या कारखान्यातली जोंगा, शक्तिमान ट्रक, सगळ्यांची अखेरची वर्षं अशीच गेली आहेत. कुणी लाकूड वाहिलं, कुणी विहिरीवरची क्रेन झाली.

जेवण चालू असतानाच पहिला आवाज झाला. भांड्यांवरची झाकणं थरथरली. मी दचकले. घरातल्या कुणी मान वर केली नाही, पाळण्यातलं मूलही झोपेतच राहिलं. देवळालीच्या तोफखान्याचा गोळीबार होता तो. आता पाकिस्तानात असलेल्या काकूलहून इथे आलेली लष्कराची तोफखाना शाळा देशभरातल्या तोफचींना शिकवते. शिंगवे बहुल्याच्या पलीकडे तिचा फायरिंग रेंज आहे आणि बहुला किल्लाही त्याच हद्दीत. संध्याकाळी दादांनी दुरून दाखवला. सूर्य त्याच्या माथ्यामागे चालला होता आणि माळावर लाल निशाण फडकत होतं. निशाण असलं की गुरंही तिकडे सोडायची नाहीत, हे इथल्या पोरांना चालायला लागल्यापासून ठाऊक असतं.

त्या माळाकडे बघताना या विषयाची दुसरी बाजू समोर आली. लिलावात न येणारंही एक भंगार असतं. फुटलेल्या गोळ्यांचे तुकडे, पितळ, तांबं. नगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्राच्या भोवती, खारे कर्जुने परिसरात, असे तुकडे वेचताना माणसं दगावली आहेत. न फुटलेला गोळा आणि फुटलेला गोळा मातीत सारखेच दिसतात. वर्ध्याजवळ पुलगावच्या दारूगोळा कोठाराच्या हद्दीत, सोनेगाव आबाजीला, २० नोव्हेंबर २०१८च्या सकाळी जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. तिथे मोजक्या पैशांसाठी कामाला आलेली गावातली माणसं होती. जीप, ब्लँकेट, पेटी यांना दुसरा जन्म मिळू शकतो. गोळ्याला मिळत नाही. त्याच्या जवळ भुकेलेल्या माणसाला जावं लागू नये, याची जबाबदारी सरकारची आहे आणि किलोवर ते पितळ विकत घेणाऱ्या प्रत्येक भंगारवाल्याचीही.

दुसऱ्या दिवशी, निघण्याआधी, नाशिकला गंगेवर गेले. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. बुधवार होता, घाटावर आठवड्याचा बाजार भरला होता. मेथीच्या जुड्या, लसणाचे ढीग, विळे, कोयते, मातीच्या चुली. सांडव्यावर एक आजी जुने कपडे धूत होत्या. त्यांच्या ढिगात एक हिरवट शर्ट होता, कोपराला ठिगळ लावलेला. विचारलं तर म्हणाल्या, "लेक मिलिटरीत व्हता. आता मळ्यात राबतो. शर्ट लई टिकाऊ." शर्टावर एकही फीत नव्हती. खांद्याजवळ टाक्यांच्या बारीक भोकांची रांग तेवढी होती. साताऱ्यापासून इतक्या दूर, नदीकाठच्या एका अनोळखी बाईने माझ्या आजीसारखंच केलं होतं.

परतताना देवळालीच्या त्या दुकानातली एक पेटी घेतली. काकांनी झाकणाला नवा काळा रंग मारून देतो म्हटलं, मी नको म्हणाले. खरवडलेली जागा तशीच राहू दिली. पेटी आता माहेरच्या ओसरीवर आहे आणि भावजयीने तिच्यात पुढच्या पेरणीचं बियाणं भरून ठेवलं आहे.

देवळालीला गेलात तर दालपकवान खा, भगूरची आमटी खा, माळ्यावरचं खरखरीत ब्लँकेट मागून घ्या. पेटी घ्या, पिठ्ठू घ्या, जमलं तर जीपही घ्या आणि त्यांना तुमच्या घरात राबवा. त्यासाठीच ती लष्कराने सोडली आहेत. गणवेश मात्र लग्नात नाचण्यासाठी किंवा फोटोसाठी विकत मागू नका. पेटीवरचं नाव सैनिकाच्या संमतीने पुसता येतं. वर्दीवरचं नाव सेवा करून मिळतं आणि सेवा करणाऱ्याच्या घरीच ते उतरतं, बटणं कापून, फिती उसवून, देवघरातल्या डबीत.